खरी नक्कल

स्नेहसंमेलनाच्या दिवसांत आपल्या कॉलेजात ‘नक्कल’ या शब्दाला मोठा मान असतो. कुणी प्राचार्यांची नक्कल करतो, कुणी ग्रंथालयातल्या काकांची. नक्कल जितकी हुबेहूब, तितक्या टाळ्या अधिक. पण कचेरीच्या दारात हाच शब्द एकदम गंभीर चेहरा करून उभा राहतो. तिथे नक्कल मागावी लागते, तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, अर्जावर कोर्ट फीचे तिकीट डकवावे लागते, आणि मग चारदोन हेलपाटे झाले की शिक्का बसून कागद हाती येतो : ‘खरी नक्कल’. हे दोन शब्द शेजारी शेजारी प्रथम वाचले तेव्हा मला हसूच आले होते. जी खरी ती नक्कल कशी, आणि जी नक्कल ती खरी कशी? मराठीच्या तासाला विरोधाभास अलंकाराचे उदाहरण म्हणून द्यावे, असे ते शब्द!

पुढे अकरावीपासून आजपर्यंत मी अण्णांबरोबर (म्हणजे माझ्या वडिलांबरोबर) आणि आत्याबरोबर कागदांची पिशवी घेऊन इतक्या खिडक्यांपुढे उभी राहिले, की आता त्या शब्दांचे हसू येत नाही. उलट वाटते, की आमच्या गावाची सगळी गोष्ट या दोन शब्दांत मावते.

आमचे गाव ठाणे-बेलापूर पट्टीतले. बाहेरून येणाऱ्याला ते गाव म्हणून ओळखूच येत नाही. सेक्टर, नोड, उड्डाणपूल, काचेच्या इमारती यांच्या मधोमध अरुंद गल्ल्यांचा एक पुंजका दिसतो, एखादे गावदेवीचे देऊळ दिसते, दारात सुकत घातलेली मासळी दिसते, ते आम्ही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि मुंबईला जोड म्हणून नवे शहर वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली, खाजणे गेली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला आणि पुलावरून शहर चालत इकडे आले. जिथे आजोबा आवणी करीत, तिथे आज दुपदरी रस्ता आणि त्याच्या कडेला कुणाची तरी चारचाकी उभी. जमीन डोळ्यांदेखत असते, पण ती आपली खूण पटवून देत नाही. बांध गेला, उंबराचे झाड गेले, खाडीचे पाणी आत घेणारी उघाडी गेली. आता शेत कुठे होते हे सांगणारा एकच साक्षीदार उरला, तो म्हणजे कागद.

म्हणून म्हणते, आमच्याकडे मूळ प्रत नाहीशी झाली आहे आणि नक्कल तेवढी शिल्लक आहे. ती तरी खरी असावी, एवढेच आमचे मागणे.

हे कागद आजीकडे असत. हिरव्या रंगाची, कोपरे गंजलेली एक पत्र्याची पेटी. आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारून बांधलेले कागद. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद असेच कापडात बांधून ठेवतात आणि त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात, असे आम्हांला इतिहासाच्या सरांनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजीचे लुगडेच आले. सरकारी दप्तरखान्याची रीत आमच्या घरात कुणी शिकवल्यावाचून पोचली होती.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण कागद ती चेहऱ्याने ओळखी. पिवळा, चार घड्यांचा, एका कोपऱ्याला तेलाचा डाग पडलेला, तो सातबारा. निळ्या शाईचा गोल शिक्का असलेला, तो निवाड्याची नोटीस. आखूड, खालून कुरतडलेला, तो पैशांच्या पावतीचा. “मना वाचाला येत नाय, पन कनचा कागद कुठं हाय त मना ठाव हाय,” असे ती म्हणे, आणि खरोखरच काळोखात हात घालून हवा तो कागद काढून देई. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी आमच्या आळीतही पाणी शिरले. मी तेव्हा वर्षाची. आजीने मला माळ्यावर ठेवले आणि पेटीही माळ्यावर ठेवली. आधी पेटी की आधी मी, यावर आमच्या घरात अजून दोन मते आहेत.

त्या पेटीतला एकेक कागद म्हणजे एकेक धडा होता. सातबारा हे नाव आपण रोज घेतो, पण ते गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोडी आहे, हे मला तिथेच कळले. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये तिच्यात काय पिकते. आजोबांच्या उताऱ्यावर बाराच्या रकान्यात दरवर्षी ‘भात’ लिहिलेले आहे. सगळा माणूस त्या दोन अक्षरांत! आणि सहाच्या नमुन्यात फेरफार, म्हणजे जमिनीचा धनी कसा, कधी, कोणत्या कारणाने बदलला याची नोंद. कादंबरीकाराला लागावीत एवढी मरणे, वाटण्या आणि भांडणे त्या नोंदींत दोन दोन ओळींत उरकलेली असतात.

पण सर्वांत मोलाचा कागद होता तो कुरतडलेल्या पावतीचा. संपादन झाले ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्यात एक बारीक खोच होती. मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली न्यायालयाकडे दाद मागता येई. पण पैसे मुकाट्याने घेतले असतील, तर तो हक्क गेला. घेताना ‘हरकत राखून’ घेतले, तरच तो शाबूत राही. म्हणजे साऱ्या खाचराची किंमत ठरणार त्या दोन शब्दांवर, आणि ते लिहायचे कुणी, तर ज्याला अंगठा उठवण्यापलीकडे काही येत नाही त्याने! आमच्या आजोबांच्या अंगठ्याच्या वर, कुणाच्या तरी वळणदार अक्षरात, ते दोन शब्द आहेत. कुणी लिहिले हे घरात कुणालाच ठाऊक नाही. शाळामास्तर असतील, नाहीतर रांगेतला एखादा शिकलेला पोरगा असेल. शेजारच्या घरी अंगठा तोच, शाई तीच, पण ते दोन शब्द नाहीत. पुढे १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ आले आणि शेजाऱ्याला वाढीव मोबदला मिळाला तर आपणही त्याच हिशेबाने मागावा, अशी वाट काहीशी मोकळी झाली. त्यासाठी मुदत होती निकालापासून तीन महिन्यांची, आणि निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्या मुदतीतून वगळायचे, असे कायद्यातच म्हटलेले होते. नक्कल मिळायला दिवस लागतात हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होते, हे वाचून मला त्यांच्याविषयी जरा आपुलकी वाटली.

ते १९८४ साल आमच्याकडे वेगळ्याच कारणाने सांगितले जाते. त्या वर्षी १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात जासईच्या परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले होते. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे १९९० च्या दशकात साडेबारा टक्क्यांची योजना आली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के हिशेबाने विकसित भूखंड परत द्यायचा. पाच माणसांच्या रक्ताने मिळालेला हा हक्क होता. पण तो घराघरात पोचायचा तर रक्त पुरत नाही, कागद लागतो. जमीन कुणाची होती, तो आज कुठे आहे, नसेल तर त्याच्यामागे कोण. आणि हे सगळे खरे कशावरून?

इतिहासात हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८५२ च्या कायद्याखाली इंग्रजांच्या इनाम कमिशनने दख्खनमधल्या इनामदारांना विचारले, सनद दाखवा. पिढ्यान्पिढ्या जमीन कसणारी घरे होती. पण सनद कुणाची वाळवीने खाल्लेली, कुणाची लुटीत गेलेली. जमीन होती, कागद नव्हता, म्हणून जमीन गेली. आमच्याकडे उलटे झाले. जमीन गेली, आणि कागद होता म्हणून थोडी परत येण्याची आशा राहिली. दोन्हीकडे शहाणपण एकच. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला शब्दच पाहा. जुन्या पत्रांत शिक्का माथ्यावर आणि मोर्तब अखेरीला, मजकूर संपला तिथे. म्हणजे त्याच्यापुढे कुणी एक अक्षर वाढवू नये. तीनचारशे वर्षांपूर्वीही लिहिणाऱ्याला ठाऊक होते, की कागदाला डोके आणि पाय दोन्ही बांधावे लागतात, नाहीतर तो चालू लागतो.

आमची वाट सुरू झाली ती आजोबांच्या नावापासून. सातबाऱ्यावर त्यांचे घरातले नाव, मृत्यूच्या दाखल्यावर लांबलचक नाव, निवाड्यात तिसरेच, आणि आडनाव कुठे गावाचे तर कुठे घराण्याचे. मग शपथपत्र करावे लागले, की या सर्व नावांची व्यक्ती एकच होय. साठ वर्षे एकाच घरात, एकाच बायकोबरोबर राहिलेल्या माणसाला मेल्यानंतर शपथेवर सिद्ध करावे लागले, की तो एकच होता!

शपथपत्र करणारे नोटरी कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल मांडून बसलेले. लाल रंगाची गोल चकती, नोंदवहीत क्रमांक, सही, आणि “ओळखणारा कोण?” असा प्रश्न. १९५२ च्या नोटरी कायद्याने त्यांना हे काम दिले आहे, आणि ते काम शिक्का मारण्याचे नाही, समोरचा माणूस तोच आहे हे पाहण्याचे आहे. चांगला नोटरी मान वर करून पाहतो. आम्हांला भेटलेल्यांपैकी एकाने अण्णांकडे नीट पाहिले, मजकूर त्यांना वाचून दाखवला, आणि मगच सही घेतली. त्या पाच मिनिटांत मला कळले, की साक्षांकन म्हणजे शाई नव्हे, नजर आहे.

अण्णा त्यांच्या तरुणपणची गोष्ट सांगतात. तेव्हा झेरॉक्स सुद्धा सर्वत्र नव्हती. गुणपत्रिका टंकलिखित करून घ्यायची आणि राजपत्रित अधिकारी नाहीतर विशेष कार्यकारी दंडाधिकारी शोधायचा. रविवारी सकाळी त्यांच्या दारात पोरे उभी. साहेब अंघोळीला. मग मूळ प्रत आणि नक्कल शेजारी ठेवून ते वरवर नजर फिरवीत आणि ‘सत्यप्रत’ असा शिक्का उमटे. नोकरीच्या एका अर्जाला सहा दाखले, प्रत्येकाच्या दोन प्रती. पोराची ओळख साहेबाला असो वा नसो. २०१५ साली राज्य शासनाने बहुतेक कामांसाठी स्वयंसाक्षांकन मान्य केले आणि हा द्राविडी प्राणायाम संपला. आता माझ्या गुणपत्रिकेवर मीच लिहिते, की ही खरी प्रत आहे. सुरुवातीला हे मला फार सोपे वाटे. पण विचार केला तर यात केवढा विश्वास आहे! सरकार म्हणते, पोरी, तुझ्या सहीला आम्ही मानतो; खोटी निघाली तर जबाबदार तूच.

माझा मावसभाऊ न्हावा-शेवा बंदराच्या कामात आहे. १९८९ साली ते बंदर सुरू झाले आणि आमच्या भागातल्या पुष्कळ पोरांच्या हाती नांगराऐवजी कंटेनरचे कागद आले. त्याच्याकडून मी एक नवल ऐकले. जहाजात माल चढला की ‘बिल ऑफ लेडिंग’ नावाचा कागद निघतो. त्याच्या मूळ प्रती बहुधा तीन असतात, आणि तिन्ही मूळच! ज्याच्या हाती ती मूळ प्रत, तो तिकडच्या बंदरात माल सोडवून घेणार. एक प्रत कामाला आली की उरलेल्या दोन आपोआप निकामी. मी म्हटले, “म्हणजे हा कागद मालाबद्दल सांगत नाही, हा कागदच माल!” तो हसला आणि म्हणाला, “तुमच्या सातबाऱ्यासारखा नाही ग हा. हा नुसता दाखवायचा नसतो, हातात असावा लागतो.” त्याने स्वतःच्या दोन ट्रेलरचा धंदा मांडला आहे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून बहात्तर महिने हिशेबाची पुस्तके आणि बिले सांभाळावी लागतात, म्हणून त्याच्या घरी पलंगाखाली वर्षवार खोकी रचलेली. बहात्तर महिने झाले, अपील वा चौकशी चालू नसली, की खोके मोकळे. मला वाटले, कराच्या कागदाला निदान मरण तरी आहे. जमिनीच्या कागदाला तेही नाही. तो नातवंडांना पुरून उरतो.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी मूळ खातेदार हयात नसेल, तर वारस दाखला लागतो. तो दिवाणी न्यायालय देते. कोणत्या कायद्याखाली, तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली! पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षे झाली होती, त्या वेळचा हा कायदा; आणि काचेच्या इमारतींच्या शहरात आजही वारस त्याच्याच बोटाला धरून उभे राहतात. अर्ज करायचा, शपथपत्र जोडायचे, मग जाहीर नोटीस निघते, की कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावे. शपथपत्रात एक ठरलेले वाक्य असते : ‘वर नमूद केलेल्यांखेरीज मयतास अन्य कोणीही वारस नाहीत.’

आजोबा १९९८ साली वारले, तेव्हा घराजवळच्या उरलेल्या दोन गुंठ्यांवर वारस नोंद झाली. तीत आजी, अण्णा आणि काका अशी तीन नावे आहेत. आत्याचे नाव नाही. यात दोष कुठल्या कचेरीचा नव्हे. जबाब आमच्या घरच्यांनीच दिला होता. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव सांगायचे असते, हे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसावे. किंवा आले असेल आणि कुणी बोलले नसेल. कायदा मात्र १९५६ पासून स्पष्ट होता. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू बापाच्या स्वतःच्या मालमत्तेत विधवा, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखाच हक्क आला.

कागदपत्रे जुळवून देणारे एक गृहस्थ आमच्याकडे येत. त्यांनी चहा पिता पिता सल्ला दिला, “ताईंचं नाव कशाला गुंतवता? सातबाऱ्यावर नाही, आत्ताच्या रेशनकार्डावर नाही. नाव घातलंत तर मग त्यांच्याकडून हक्कसोडपत्र घ्या, त्याची नोंदणी करा, खर्च करा. नाव नसलं तर प्रश्नच नाही.”

काकांना ते पटले. काकांची बाजू मला इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी कर्ज काढले होते आणि ते काकांनी कारखान्यात रात्रपाळ्या करून फेडले. आजोबांच्या दुखण्यात धावाधाव त्यांची. “लग्नात दिलं ते काय कमी होतं? आणि तिला तरी कुठं काय पाहिजे म्हणाली?” असे ते म्हणाले. आमच्या आळीत अशाच रीतीने सह्या झालेल्या होत्या. चांगली बहीण ती, जी न विचारता सही करते. सही केली की माहेरची साडी, गौरीचे आमंत्रण आणि भावाचे दार उघडे. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना पाठ असते.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या शपथपत्रावर सही मला करायची आहे. ‘अन्य कोणीही वारस नाहीत’ या वाक्याखाली. माझी बहीण पलीकडच्या गावात जिवंत असताना मी ती कशी करू?”

“पण ती मुलगी असल्याचा कागद तरी कुठं आहे?” त्या गृहस्थांनी विचारले. आत्याचा जन्म घरचा, सुईणीच्या हातचा. जन्माची नोंद नाही. शाळा दुसरीपर्यंत, तिचाही दाखला नाही. लग्नानंतर नाव बदललेले, आडनाव बदललेले. कागदाच्या दृष्टीने आमच्या आत्याला माहेरच नव्हते.

आजी भिंतीशी बसून ऐकत होती. ती उठली, पेटी उघडली, आणि लुगड्याच्या गाठीतून अगदी तळाचा एक कागद काढला. आजोबांच्या नावाचे जुने रेशनकार्ड, १९७० च्या दशकातले, कडांना झिजून मऊ कापडासारखे झालेले. आत कुटुंबातल्या माणसांची नावे, वय, नाते. चौथी ओळ आत्याची : मुलगी, वय आठ. आणि त्या नावावरून तांबड्या शाईची आडवी रेघ, शेजारी बारीक सही आणि तारीख. लग्नानंतर मुलीचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी करतात, तो दाखला सासरी नेतात आणि तिकडच्या कार्डावर नाव चढवतात; तेव्हाची ती रेघ.

ते गृहस्थ म्हणाले, “आजी, हे नाव तर रद्द झालेलं आहे.”

आजी म्हणाली, “रेघ मारली म्हून नाव गेलं का? नाव होतं म्हून त रेघ मारली.”

मी आजवर पुष्कळ व्याख्याने ऐकली, पण पुरावा म्हणजे काय हे मला त्या एका वाक्यात कळले. खोडलेले नावही नाव असते. किंबहुना ते अधिक पक्के असते, कारण ते खोडताना कुणीतरी तारीख घालून सही केलेली असते. ज्या रेघेने आत्याला घरातून वजा केले, तीच रेघ ती या घरातली होती याची साक्ष द्यायला उभी राहिली.

अर्जात चार नावे गेली. जाहीर नोटीस निघाली, मुदत सरली, कुणाची हरकत आली नाही. काकांनीही हरकत घेतली नाही, हे मुद्दाम लिहिते. पण पुढचे सहा महिने ते आमच्या ओटीवर बसले नाहीत. दाखल्याची नक्कल मिळाली त्या दिवशी मी आणि आत्या कोर्टाच्या बाहेर उभ्या होतो. तिने मला नावे वाचायला लावली. दोनदा. दुसऱ्या वेळी स्वतःच्या नावाशी तिने बोट ठेवले. ते तिचे माहेरचे नाव होते. चाळीस वर्षांत कुणी ते नाव कागदावर लिहिले नव्हते.

मी विचारले, “आत्या, आता हक्कसोडपत्र करशील?”

ती म्हणाली, “करीन, नायतर नाय करनार. इचार करीन. पन आता रेघ मारायची त माझ्या हातानं मारीन.”

अजून तिने ठरवलेले नाही. भूखंडाचेही अजून ठरायचेच आहे. या गोष्टीचा शेवट गोड झाला की नाही, हे मला सांगता येत नाही. तो झालेलाच नाही. काका मध्यंतरी एकदा येऊन चहा पिऊन गेले, एवढे खरे. आत्याने सगळे सोडावे असे मी म्हणणार नाही, आणि सोडू नये असेही म्हणणार नाही. सोडणे हे दान आहे की वळण लावलेली सवय आहे, हे ज्याचे नाव कागदावर आहे त्यालाच ठरवता येते. नाव नसलेल्या माणसाला दानसुद्धा करता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या एका वकील ओळखीच्या बाईंनी मला पुराव्याच्या कायद्यातली एक गोष्ट सांगितली. १८७२ च्या कायद्यात असे कलम होते, की तीस वर्षे जुना दस्तऐवज ‘योग्य ताब्यातून’ पुढे आला, तर त्यावरची सही आणि अक्षर खरे आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, पण तीस वर्षांचा हा नियम त्यातही राहिला. सही करणारा गेला, साक्षीदार गेले, शिक्का मारणारा निवृत्त होऊन गेला. मग कायदा विचारतो, हा कागद इतकी वर्षे कुणाजवळ होता? तो जिथे असायला हवा तिथेच होता ना? मग मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

‘योग्य ताबा’ हे शब्द ऐकले आणि मला ती हिरवी पेटी दिसली. सही, शिक्का, तिकीट, चकती हे सगळे कागदाच्या जन्माच्या वेळचे सोहळे. पुढे तीस, चाळीस, पन्नास वर्षे त्याला वाळवीपासून, पाण्यापासून, चुलीच्या धुरापासून आणि घरातल्याच माणसांपासून वाचवायचे, हे खरे साक्षांकन. आणि ते आमच्या पंचाण्णव गावांत बहुतेक घरी कुणी केले? पुरुष मोर्च्यात गेले, कोर्टात गेले, कारखान्यात गेले. कागद राखले ते बायकांनी. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी. ज्यांची नावे त्या कागदांवर नव्हती, किंवा असली तर रेघेखाली होती, त्यांनी!

आजी २०२३ साली गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिचे नाव बरोबर लिहिले आहे ना, हे मी खिडकीतच उभी राहून तपासले. आता तिच्या वारसांची नोंद व्हायची आहे आणि तीत आत्याचे नाव सांगायला कुणाला आठवण करून द्यावी लागणार नाही. हल्ली सातबारा मोबाइलवर येतो, त्यावर डिजिटल सही असते, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये राहतात. त्या कुरतडल्या जाणार नाहीत, पुरात भिजणार नाहीत. याचा मला आनंदच आहे. पण त्या यंत्रात काय चढवायचे, हे अजून कुणीतरी माणूसच जबाबात सांगतो. तिथे एखादे नाव सांगायचे राहिले, तर कितीही डिजिटल सह्या होऊ देत, ती राहून गेलेल्या नावाची खरी नक्कलच होणार.

या वर्षी आपल्यापैकी पुष्कळ जणी पदवी घेऊन बाहेर पडतील. दाखल्यांवर स्वतःच सही करतील. माझी एकच विनंती आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातली पेटी, कपाट, पिशवी जे काय असेल ते उघडा. आजीजवळ बसा. कोणता कागद कुठला हे तिला विचारा. आणि त्या कागदांवर कुणाची नावे आहेत हे वाचून झाले, की कुणाची नाहीत तेही वाचा.